पांढरं फडकं

लाकूड मोडण्याआधी करकरतं. तार तुटताना सणकन आवाज होतो. डिंकाने जोडलेला सांधा सुटतो तो मात्र गुपचूप सुटतो. कॉलेजात असताना हे मी एका पुस्तकात वाचलं होतं आणि विसरूनही गेले होते. एकोणीसशे एकसष्टच्या डिसेंबरात एका सकाळी रोडपालीच्या खाडीकाठी, आमच्या मिठागराच्या बांधावर उभी असताना ते वाक्य मला आठवलं. त्या वेळी माझा भाऊ त्याने स्वतः जोडलेल्या विमानात बसून आमच्या डोक्यावर घिरट्या घालत होता.

माझा भाऊ धर्मराज जुहूला विमानांची इंजिनं दुरुस्त करायचा. तिथल्याच क्लबात उडायला शिकून त्याने परवाना मिळवला होता. क्लबातल्या एका हौशी साहेबांनी इंग्लंडहून एका माणसापुरत्या विमानाचे सुटे भाग पेट्यांतून मागवले होते. नकाशे बघत घरीच जोडायचं विमान. पेट्या उघडण्याआधीच साहेब कायमचे परदेशी गेले आणि जाताना त्या दादाला देऊन गेले. मग त्या ट्रकने पनवेलला आणि तिथून बैलगाडीतून रोडपालीला आल्या, आणि आमच्या मिठाच्या कोठारात, गोण्यांशेजारी रचल्या गेल्या.

गावाला त्यातून एक करमणूक मिळाली. तुळशीराम म्हातारा रोज बांधावरून जाताना कोठारात डोकावायचा. "काय धर्मा, तुजी चिमणी अंडी कधी घालतेय?" दादा हसायचा. आई हसायची नाही. ती विमानाच्या बाजूने जाताना पदर सावरून, जरा लांबून जायची, जसं बांधलेल्या मारक्या बैलाजवळून जातात.

मी रसायनशास्त्र घेऊन नुकतीच बी.एस्सी. झाले होते. मला भीती वाटली की मी मोजायला लागते. त्यामुळे वजनं मोजण्याचं आणि डिंक कालवण्याचं काम माझ्याकडे आलं. हा डिंक दोन भागांचा होता. एका लाकडाला घट्ट पांढरी लापशी लावायची, दुसऱ्या लाकडाला पाण्यासारखं पातळ आम्ल, आणि दोन्ही एकमेकांवर दाबून धरायची. त्या आम्लाचा वास चिरडलेल्या लाल मुंग्यांसारखा यायचा. तेच आम्ल मुंग्यांच्या अंगात असतं. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे मुंग्यांच्या भरोशावर माजा पोर उडणार."

सगळ्यात लांब पेटी बोटीवर भिजली होती. तिच्यात पंखांचे कणे होते. कणा म्हणजे पंखाच्या आतून लांबीभर जाणारी लाकडी तुळई. पंखाच्या फासळ्या तिच्यावर बसतात आणि हवेत गेल्यावर विमानाचं नि माणसाचं सगळं वजन तीच तोलते. पेटीतले कणे वाकडे झाले होते. दादाने तसंच हलकं, सरळ धाग्याचं लाकूड मुंबईच्या वखारीतून आणलं आणि काशिराममामांकडे नेलं.

काशिराममामा म्हणजे खाडीपलीकडचे कोळी. मासेमारीच्या होड्या बांधायचे. ते खरे मामा नव्हेत, पण आईला ते बहीण मानायचे आणि भाऊबीजेला ताज्या मासळीची टोपली घेऊन यायचे. कण्यांचे तुकडे त्यांनी आपल्या पडवीत तासले, रंधले आणि एकमेकांवर असे बसवले की मधून कागदही जाऊ नये. आम्ही ते कोठारात आणून नुसते चिकटवायचे होते. नकाशासोबतच्या सूचनेत लिहिलं होतं की रंधलेल्या पृष्ठभागावर पुन्हा काचकागद घासू नका, आहे तसाच चिकटवा. आम्ही तसंच केलं.

डिंक कालवला की दरवेळी मी त्यातलाच थोडा घेऊन लाकडाचे दोन उरलेले तुकडे चिकटवायची आणि दुसऱ्या दिवशी हातोडीने फोडायची. तुकडा लाकडातून फुटला तर डिंक चांगला. सांध्यातून फुटला तर वाईट. माझा एकही तुकडा सांध्यातून फुटला नाही. एप्रिलमध्ये आम्ही पंख उलटे ठेवून त्यांच्यावर मिठाच्या गोण्या रचल्या, विमानाच्या वजनाच्या चौपट. पंख किंचित वाकले, आणि गोण्या काढल्यावर परत सरळ झाले. मुंबईहून तपासनीस येऊन सगळं पाहून गेले आणि मग आम्ही पंखांवर कापड ताणून त्याला लेप दिला. पावसाळाभर ते कोठाराच्या आढ्याला टांगून ठेवले होते.

उडवायची जागा दादाने मिठागरातच शोधली होती. भरतीचं पाणी आधी जिथे साठवतात ते बाहेरचं मोठं खाचर पावसाळ्यानंतर सुकलेलं असतं. माणसं ते पायांनी आणि लाकडी चोपण्यांनी ठोकून फरशीसारखं करतात. पुढच्या उधाणाला दरवाजे उघडून त्यात समुद्र घेतात, आणि मग पुढचा पावसाळा संपेपर्यंत तिथे पाऊलही टाकता येत नाही. म्हणजे उडायचं तर याच आठवड्यात, नाहीतर पुढच्या वर्षी.

विमानात बोलायचं यंत्र नव्हतं, म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. दादाने त्या मला दोनदा म्हणून दाखवायला लावल्या.

"पहिली फेरी मी रुंद मारणार, सावकाश," तो म्हणाला. "तुझ्यावरून जाईन तेव्हा तू दुर्बिणीतून चाकं बघ, कापड बघ. सगळं ठीक असेल तर पांढरं दाखव. मग मी खाडीवर जाऊन घट्ट वळणं घेतो. विमान एका पंखावर पार आडवं करून. त्याशिवाय ते कसं आहे ते कळत नाही."

"आणि लाल?"

"लाल म्हणजे खाली म्हशी आल्यात, उतरू नकोस, फिरत राहा."

"आणि काहीच दाखवलं नाही तर?"

"तर मी सरळ येऊन उतरतो. पण तू दाखवशील." तो हसला. "घाबरट."

मी घाबरट होतेच.  आदल्या दिवशीच मी दोन्ही फडकी धुऊन, वाळवून, वेगवेगळ्या बांबूंना बांधली आणि तरी मधूनच जाऊन गाठी तपासत होते.

सकाळी सगळं गाव बांधावर आलं. रोडपालीचे, करंजाड्याचे, आसपासचे कोळी, मिठागरावरचे मजूर, त्यांच्या बायका. आईने विमानाच्या नाकासमोर नारळ फोडला. तुळशीराम म्हणाला, "धर्मा, वरून जातोसच तर एक गोणी ठाण्याला टाकून ये." सगळे हसले. दादाने नाकावरचा पंखा हाताने फिरवला, इंजिन खोकलं आणि सुरू झालं, आणि तो आत चढून बसला. आईने माझा दंड धरला. तो तिने पुढे बराच वेळ सोडला नाही.

विमान धावलं. शेपूट उचलली गेली, चाकं जमिनीवर दोनदा टेकली आणि मग टेकली नाहीत. लोक ओरडले. मी ओरडले नाही. मी पंखांकडे बघत होते. पंख सरळ होते. दादा खाडीच्या दिशेने चढत गेला आणि इंजिनाचा आवाज बारीक होत गेला.

तेवढ्यात मागच्या बाजूने काशिराममामा धापा टाकत आले. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. ओहोटी लागली होती, त्यांची होडी मध्येच रुतली म्हणून उशीर झाला होता. त्यांच्या हातात एक छोटी बाटली होती. वर बघून ते म्हणाले, "गेला? अरे, माजी वाट तरी बघायची."

"नारळ फोडला मी," आई म्हणाली.

"नारळ झाला गो बाय, तेल राहिलं ना. नाकाला तेलाचं बोट लावायचं होतं." त्यांनी बाटली दाखवली. मुशीच्या माशाचं तेल होतं, होड्यांना लावतात ते. "जाऊ दे. नाकाला राहिलं तर राहिलं. हाडांना मी तवाच लावलंय."

मी दुर्बीण खाली घेतली. "कुठली हाडं, मामा?"

"पंखांची. तुजा दादा लाकडं न्यायला येणार होता ना, त्याच्या आदल्या दिवशी. आमच्या आज्यापासून हाय ते. नवीन होडीचा सांधा बंद करायच्या आधी आत तेलाचं बोट फिरवायचं. कोरडा सांधा बंद करायचा नाय. पोर जन्मलं की त्याला तेल लावतात ना, तसंच." ते अभिमानाने हसले. "मी विचार केला, होडी पाण्यात जाते तर लावतो, हा तर वाऱ्यात जाणार. एक पन सांधा सोडला नाय."

"सांध्याच्या आत? जिथे लाकडाला लाकूड लागतं तिथे?"

"मग? बाहेर लावून काय उपयोग?"

मला वास आठवला. कणे आणले तेव्हा त्यांना माशाचा वास येत होता. पण मामांच्या पडवीतल्या प्रत्येक वस्तूला तो येतो, मामांच्या सदऱ्यालाही.

होडीच्या सांध्याला खिळे असतात. तेलाने काही बिघडत नाही, उलट लाकूड टिकतं. आमच्या सांध्यात डिंकाशिवाय काही नव्हतं. तेलकट लाकडात डिंक मुरत नाही, नुसता वर वाळतो. माझे हातोडीने फोडलेले सगळे तुकडे वखारीतल्या उरलेल्या लाकडाचे होते. ते मामांच्या पडवीत कधी गेलेच नव्हते. त्यांना तेल लागलेलं नव्हतं. मी इतके दिवस भलतंच लाकूड तपासत होते.

गोण्या पंखांनी तोलल्या होत्या, हे खरं. पण त्या एप्रिलमध्ये तोलल्या होत्या. त्यानंतर पावसाळाभर पंख खाडीकाठच्या ओलीत टांगलेले होते. लाकूड फुगलं असेल, परत आवळलं असेल. जिथे डिंक नुसता वर वाळला होता तिथे ते फुगणं-आवळणं एखाद्या पाचरीसारखं आत शिरलं असेल. असेल किंवा नसेल. आता पंखांवर कापड होतं आणि पंख आकाशात होते.

मी लाल फडक्याकडे हात नेला आणि थांबले. लाल म्हणजे फिरत राहा.

मग मी दोन्ही हात हलवून त्याला खाली बोलवावं असं वाटलं, आणि लगेच दुसरी गोष्ट सुचली. ती पहिलीपेक्षा भयंकर होती. मी घाबरून हात हलवले तर तो काय झालंय ते बघायला वळेल. झटकन वळेल. सरळ उडताना पंखांवर विमानाचं वजन असतं तेवढंच असतं. विमान कलवून घट्ट वळवलं की तेच वजन दुप्पट होतं. सरळ, सावकाश येऊन तो उतरला तर कदाचित पंख टिकतील. म्हणजे मी काहीच करायचं नव्हतं. हालायचं सुद्धा नव्हतं.

विमान खाडीवरून रुंद वळण घेऊन आमच्याकडे येत होतं. मी बांधावरच्या लोकांकडे पाहिलं.

माणसं हात हलवत होती. पुरुषांनी डोक्याची मुंडाशी सोडून हातात घेतली होती आणि ती फडकवत होती. सगळी पांढरी. बायकांची लुगडी लाल. माझी आई स्वतः लाल पदर हलवत होती. आम्ही खुणेसाठी जे दोन रंग निवडले होते ते इथे प्रत्येकाच्या अंगावर होते, आणि हे ना दादाच्या लक्षात आलं होतं ना माझ्या.

"मामा," मी म्हणाले. "तेलामुळे पंख सुटू शकतो. दादाला पांढरं दिसलं तर तो विमान आडवं करेल. या सगळ्यांना थांबवा. कोणी काही हलवायचं नाही."

मामांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, ते तिथेच वाळलं. "माज्या तेलानं?"

"मामा, आधी लोक!"

मामा लोकांकडे वळले. वाऱ्यावर खाडीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले, "बसा! सगली खाली बसा! लाट आल्यासारखी बसा! मुंडाशी मांडीखाली! कोन हलेल त्याची टांग मोडीन!"

कोळी बसले. होडीत मोठी लाट आली की हेच करायचं असतं, त्यांना कारण लागत नाही. त्यांना बघून मिठागरावरचे मजूर बसले. मी आईला खांद्यांनी दाबून खाली बसवलं आणि तिचा पदर तिच्या मांडीत कोंबला.

"काय झालं गो? मालू? काय झालं माज्या पोराला?"

"काही नाही. बस. हात हलवू नको."

"मग सगल्यांना का बसवलंस?"

मी दोन्ही हात काखेत धरले.

तुळशीराम एकटा उभा होता. बांधाच्या टोकाला, मुंडासं डोक्यावर गरगर फिरवत. "मी नाय बसणार," तो म्हणाला. "धर्माला मी लहानपणापासून बघतोय. विमान काय माज्या डोक्यावर पडणार हाय?"

मामा चिखलाच्या पायांनी बांधावरून धावले. विमान आमच्यावर आलं. मला दादाचं डोकं दिसलं, गॉगल दिसला, तो खाली वाकून बघत होता. मी पुतळ्यासारखी उभी होते. माझ्या दोन्ही बाजूंना दोन बांबू जमिनीवर आडवे पडले होते. विमान पुढे गेलं, तुळशीरामाच्या वरून गेलं.

आणि उजवा पंख खाली झुकायला लागला.

हळू नाही. झपकन, एखादं दार उघडावं तसा. विमानाची पाठ आम्हाला दिसायला लागली. दादाला पांढरं दिसलं होतं. मी मोजायला लागले, पण काय मोजायचं तेच कळेना. आई काहीतरी पुटपुटत होती. मी त्या पंखाच्या मुळाकडे बघत होते, जिथे तो विमानाच्या अंगाला मिळतो, आणि तिथे अंधाराची एक रेघ उमटते का ते शोधत होते.

मामांनी तुळशीरामाला कमरेला धरून खाली पाडलं आणि त्याच्या मुंडाशावर स्वतः बसले.

पंख तसाच अर्धवट झुकलेला राहिला. दादाने पुन्हा खाली बघितलं असावं. बांधावर त्याला ओळीने बसलेली माणसं दिसली असणार, गप्प, हात मांडीत, आणि मध्ये काहीही न दाखवता उभी असलेली मी. पंख हळूहळू वर आला. विमान सरळ झालं. ते लांबवर गेलं, रुंद फिरलं, आणि त्या रुंद फिरण्याला इतका वेळ लागला की मला वाटलं, आता ते परत येणारच नाही. शेवटी ते खाचराच्या दुसऱ्या टोकाला ठिपक्यासारखं दिसलं, मोठं होत गेलं, चाकं टेकली, एकदा उसळली, टेकली, आणि इंजिन बंद झालं.

मी धावले. दादा गॉगल काढत बाहेर उतरला. तो चिडलेला होता.

"पांढरं कुठे होतं तुझं? आधी एक दिसलं, मग काहीच नाही. सगळे असे बसलेत जसं कोणी मेलंय! झालंय काय?"

"पंख उघडायचेत."

"काय?"

"कण्याचे सांधे. आपण चिकटवण्याआधी मामांनी त्यांना आतून तेल लावलं होतं."

दादाने मामांकडे पाहिलं. मामा माझ्या मागून येत होते, बाटली अजून हातातच. त्यांना ती कुठे ठेवावी ते सुचत नव्हतं. "धर्मा," ते म्हणाले, "आमच्याकडे लावतात रे."

दादाने खिशातला चाकू काढला आणि डाव्या पंखाचं कापड मुळाशी चिरलं. ज्या कापडाला त्याने महिनाभर लेपाचे हात दिले होते ते एका रेषेत फाटलं. मी माझी पोलादी फूटपट्टी आणली, पातळ, बोटाने वाकेल अशी, आणि तिचं टोक सांध्याला लावलं. दाबलं. ते आत गेलं नाही. मी दुसरीकडे लावलं. नाही गेलं.

"बघ," दादा म्हणाला. त्याने मोठा श्वास सोडला. "बघ, काही नाही. उगाच..."

"उजवा."

"मालू, आता तो पण फाडायचा?"

"झुकवला तो उजवा होता."

त्याने उजवा चिरला. मी वाकले. आत थोडा अंधार होता आणि माशाचा बारीक वास होता, पावसाळा जाऊनही राहिलेला. मी पट्टी सांध्याला लावली. मला दाबावंच लागलं नाही. पट्टी आत गेली, आणखी गेली, आणि तिच्यावरचे आकडे एकेक करून लाकडात दिसेनासे झाले. शेवटी माझी बोटं कण्याला टेकली. मी पट्टी सोडली तरी ती पडली नाही. सांध्यात तशीच उभी राहिली.

दादाने तिला हात लावला नाही. तो विमानाच्या चाकाजवळ, मिठागराच्या ठोकलेल्या जमिनीवर बसला.

"वर काही कळलं नाही?" मी विचारलं. "थरथर? आवाज? हातातली दांडी जड लागली?"

"काहीच नाही." तो म्हणाला. "इतकं छान उडत होतं. मी एवढंच म्हणत होतो की ही पांढरं का दाखवत नाही." त्याने उजव्या पंखाकडे पाहिलं. "मी वळवलं होतं, मालू. एक पांढरं दिसलं म्हणून वळवलं होतं. अजून थोडं..."

आई आली आणि त्याच्या शेजारी बसली. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, लहान मुलाला न्हाऊ घातल्यावर फिरवतात तसा.

मामा उभेच होते. थोड्या वेळाने त्यांनी खाली वाकून बाटली जमिनीवर ठेवली, आपल्यापासून लांब, आणि पंखाच्या त्या चिरलेल्या कापडाच्या कडा दोन्ही हातांनी जुळवून धरल्या, आत वारा जाऊ नये म्हणून. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

उधाणाला तीन दिवस राहिले होते. या वर्षी काही होणार नव्हतं. पुढच्या वर्षी सगळे सांधे उघडून, तासून, कोरडे करून पुन्हा चिकटवायचे, आणि त्यानंतर दादा पुन्हा वर जाणार, हे मला तेव्हाच दिसत होतं. आणि मी पुन्हा खाली उभी राहणार.

मी बांधाकडे वळून पाहिलं. सगळं गाव अजून ओळीने बसलेलं होतं, मुंडाशी मांडीखाली, हात मांडीत. उठायला त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.